गोधडी निम्मी झाली, मागावरून दोन मॅट उतरले (महिना तिसरा)

मागच्या महिन्यात नुसता थर लावून टाचून ठेवला होता आणि माग अजून खोक्यातच होता, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नव्हतं. या महिन्यात मात्र इतकं झालंय की कुठून सुरू करू कळत नाहीये.

आम्ही आठजण एक शनिवार आड कोलशेतला एका काकूंच्या हॉलमध्ये जमतो. सोफा भिंतीला सरकवायचा, खाली सतरंजी, तिच्यावर गोधडी. ही गोधडी माझ्या आईच्या जुन्या लुगड्यांची आहे. आई सांगलीकडची, आता ठाण्याला माझ्याकडेच असते, आणि येताना तिने जुनेराचं एक बोचकं आणलं होतं ते दोन वर्षं माळ्यावर पडून होतं. त्यात दोन इरकल, एक पांढरं सुती पातळ, आणि मऊ झालेल्या चार-पाच सहावारी.

कापडाचा हिशोब आधी सांगते कारण बऱ्याच जणी तिथेच अडकतात. गोधडी ६० बाय ९० इंच धरली. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच, म्हणजे ६० इंच लांबीचे दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडले की एक थर होतो, शिवणीत जातं तेवढं जातं. सहावारी २१६ इंच, तिच्यातून असे तीन तुकडे निघतात म्हणजे दीड थर. नऊवारी ३२४ इंच, पाच तुकडे, अडीच थर. आम्ही एकूण चार थर घेतलेत, वरचा तुकड्यांचा, मध्ये दोन, खाली अस्तराचा. पाचवा घालू का असं मी विचारलं तर आई म्हणाली, "ठाण्यात कुठं एवढी थंडी पडतीय गं, सुई तरी आत जाऊ दे." बरोबरच होतं तिचं.

धावदोरा बाहेरून आत घालतोय. काठापासून सुरुवात, चारही बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे. उत्तर कर्नाटकातले सिद्दी लोक त्यांची कवदी, म्हणजे गोधडीच, अशीच काठाकडून आत शिवत जातात आणि आमच्या सांगलीकडेही आईने असंच केलेलं आहे. दोन ओळींत पाऊण इंच अंतर ठेवलंय. एकदा बसून गणित केलं, एवढ्या गोधडीला १८३ मीटर ओळ होते, आणि इंचाला पाच टाके धरले तर ३६ हजार टाके. आकडा बघून मी घाबरले होते खरं तर. पण आठजण बसलो की दुपारभरात बघता बघता पुढे सरकतं, बोलणं चालू, चहा चालू, आणि हात आपोआप चालतात.

मी सुरुवातीला व्हिडिओ बघून मोठी लाकडी रिंग घेऊन आले होते, कापड ताणून धरायला. आईने एक ओळ त्या रिंगेत घातली आणि ती काढून बाजूला ठेवली. मग गोधडीवरच मांडी घालून बसली, गुडघ्याखाली कापड दाबलं, डाव्या हाताची बोटं खाली घातली आणि चिमटीत थर धरून सुईवर एकदम चार टाके घेतले. म्हणाली, "अंगाचं वजन असतंय की, ती कुठं पळून चाललीय." मी पण तसं बसून बघितलं आणि खरंच, रिंगेत ताणलेलं कापड काढल्यावर मागे चुण्या पडत होत्या त्या पडल्या नाहीत. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांना रिंग लागणारच, पण बसता येत असेल तर एकदा करून बघाच. अंगुस्तान मात्र घाला, जुनी साडी मऊ असली तरी चार थरांतून सुई ढकलताना बोटाचं टोक दुखतं.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. आठ जणांचे टाके आठ तऱ्हेचे. पाचपाखाडीच्या ताईंचे एकदम बारीक, मशीनसारखे. काकूंचे तिरके. ऐरोलीहून येणारी मुलगी नवीन आहे, तिचा एक टाका गव्हाएवढा आणि पुढचा वालाएवढा. आईची नजर आता कमी झालीय, तिचे टाके लांब पडतात. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारनंतर मी गोधडी घरी आणली होती आणि रात्री सगळे झोपल्यावर बघत बसले, आणि त्या मुलीची ओळ मला सहन होईना. कात्री घेऊन साधारण दीड वीत उसवली. दोरा निघाला पण कापडाला भोकं तशीच राहिली. नवीन सुती कापड असतं तर धुतल्यावर, नखाने घासल्यावर भोकं बुजतात, चाळीस वर्षं धुतलेलं पातळ आहे हे, त्याच्या सुतात आता तेवढा जीवच नाही. नवीन ओळ त्याच भोकांच्या शेजारून घातली तर तिथे कापड चिरायला लागलं, शेवटी आतून एक पट्टी लावून सांधावं लागलं.

सकाळी आईने ते बघितलं. काही बोलली नाही, नुसतं बोट फिरवलं तिथे. मग म्हणाली की तिच्या सासूबाईंच्या गोधडीत तिला अजून ओळखता येतं कुठला टाका जावेचा आणि कुठला नणंदेचा. मला फार वाईट वाटलं. पुढच्या शनिवारी मी त्या मुलीला सगळ्यांसमोर सांगितलं की तुझी ओळ न विचारता उसवली, चूक झाली. तिने ती पट्टी लावलेली जागा बघितली आणि तिथेच स्वतःच्या हाताने परत ओळ घातली, आणि यावेळी टाके आधीपेक्षा सारखे आलेत, दोन आठवड्यांत हात बसला होता तिचा. त्यानंतर मी एकही टाका उसवलेला नाही, उसवणारही नाही.

रंगाचं एक पटकन सांगते. लाल काठाच्या एका साडीचा रंग जात होता. मीठ घाला, व्हिनेगर घाला असं सगळे सांगतात, पण सुती कापडावर आधीच चढलेला कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. गरम पाणी, साबण, भरपूर पाणी असलेली मोठी बादली, आणि पाणी नितळ येईपर्यंत परत परत. मग ओला पांढरा रुमाल काठावर दाबून बघायचा. आमचा पाचव्या पाण्याला पांढरा राहिला.

आता माग. हा टेबलावर ठेवायचा छोटा माग आहे, फणी (धागे ओवायची कंगव्यासारखी पट्टी) १५ इंच रुंद, इंचाला १० घरं. मी ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायला ७ ऑगस्टचा दिवस मुद्दाम धरला. १९०५ साली त्या तारखेला कलकत्त्याला स्वदेशीची घोषणा झाली होती म्हणून २०१५ पासून तो राष्ट्रीय हातमाग दिन असतो, आणि मला आपल्या घरात त्या दिवशी माग उभा राहावा असं वाटत होतं. सूत २/१० घेतलं, म्हणजे १० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेलं, प्रत्येक घरातून दोन दोन धागे, म्हणजे इंचाला २० आणि एकूण ३०० धागे. अडीच मीटर लांबी धरून ७५० मीटर सूत लागलं, वजनात ९० ग्रॅमच्या आसपास. अडीच मीटरमधला अर्धा मीटर मागात अडकूनच वाया जातो हे धरून चाला.

ताणा चढवला आणि विणायला घेतलं तर उजवीकडचे धागे ढिले. धोटा (आडवा धागा नेणारा) तिकडे गेला की खालच्या धाग्यांत घुसायचा. दोन दिवस मी तशीच झगडत होते. मग कळव्याचे काका आले, त्यांनी भिवंडीला पॉवरलूमवर तीस वर्षं काढलीत. त्यांनी मागाला हात लावायच्या आधी मागचा रूळ बघितला आणि विचारलं, "गुंडाळताना मध्ये कागद घातला होता का ताई?" घातला नव्हता. कडेचे धागे थरावरून घसरून खाली उतरले होते, त्यामुळे त्यांची लांबी वेगळी झाली. सगळं उलगडून, कुरियरच्या खोक्यांचा खाकी कागद मध्ये घालत परत गुंडाळलं. पुढून दहा दहा धाग्यांची जुडी करून बांधली आणि काकांनी तळहात ताण्यावर आडवा ठेवून हलकेच दाबत नेला, जिथे हात खाली जातो ती जुडी परत ओढायची. डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळतं. त्या दिवशी चार धागे तुटले तेव्हा त्यांनी सांधायची गाठ पण शिकवली, इतकी लहान की फणीतून सहज जाते.

पावसात सूत दमट होईल म्हणून मी घाबरत होते तर ते म्हणाले उलट बरं. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, दमट हवेत बळकट होतो, मुंबईत गिरण्या एवढ्या चालल्या त्याला इथली हवा पण एक कारण. ऑगस्टभर धो धो पाऊस होता आणि परत गुंडाळल्यानंतर माझा एकही धागा तुटला नाही.

बाणा, म्हणजे आडवा धागा, म्हणून गोधडीच्याच चिंध्या वापरल्या. सहावारीतून तीन तुकडे काढले की ३६ इंच उरतं, ते आडवं फाडून इंचभर रुंदीच्या पट्ट्या केल्या. कापू नका, फाडा, पट्टी सरळ निघते. कापड खूप खातं हे काम, विणून होणाऱ्या मॅटच्या चार-पाच पट तरी लागतं. पहिला मॅट १५ इंचावर सुरू झाला आणि शेवटाला १३ वर आला, कडा आत ओढल्या गेल्या. मग पट्टी सरळ न ओढता कमानीसारखी घालायची आणि त्यावर फणी मारायची हे जमलं, दुसरा मॅट पूर्ण १४ राहिला. दशा सोडून गाठी मारल्यात. पहिला आईने स्वतःच्या पाण्याच्या तांब्याखाली ठेवलाय, तिला त्यात तिच्या जांभळ्या साडीचा काठ दिसतो म्हणते. अजून दोन मॅटचा ताणा मागावर आहे.

मधल्या एका रविवारी आम्ही पाचजणी बेलापूरच्या अर्बन हाटला, म्हणजे हस्तकला-हातमागाच्या बाजाराला, जाऊन आलो. आता हातमागाचं कापड हातात घेतलं की मी आधी काठ बघते, कुठे ओढलाय का.

आणि इरकल. तिचं अंग सुती, पदर रेशमी. दोन्हींचे ताणे वेगळे, आणि पदराच्या ताण्याचा एकेक धागा अंगाच्या धाग्यात फासासारखा अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातलं इलकल हे त्याचं गाव. इतकी वर्षं ती साडी घरात होती आणि मला हे माहीत नव्हतं, कापायला घेतली तेव्हा लाल पदर सुरू होतो तिथे बोटाला बारीकशी रेघ लागली आणि भिंग घेऊन बघितलं. सगळ्या बायका कात्र्या ठेवून ते भिंग फिरवत बसल्या, काका सगळ्यात जास्त वेळ. ३०० धाग्यांना घाम फुटला होता माझा, आणि इथे पूर्ण पन्ह्याचा प्रत्येक धागा असा जोडलेला.

पदराचं रेशीम घडीवर विरलंय म्हणून त्याच्या पाठीला मलमल लावून तो गोधडीच्या बरोबर मध्यावर बसवलाय, कोंडीची रेघ न कापता. आमच्या ओळी आता चहूकडून आत येत येत त्याच्यापासून हातभर लांब आहेत. सध्याची सुई तिथे चालणार नाही, भोकं मोठी पडतील. १० नंबरची बारीक सुई आणि एकपदरी दोरा आणून ठेवलाय. गौरी-गणपती झाले की पहिल्या शनिवारी बसू, आणि आईने आत्ताच सांगून ठेवलंय की त्या रेघेच्या दोन्ही बाजूंची ओळ ती घालणार, सुईत दोरा फक्त मी ओवून द्यायचा.