ग्वांगझूत हॉटेल शोधण्याआधी स्टेशन शोधा

ऑक्टोबर २०२५च्या शेवटी मी आणि माझा भाचा दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूला जाऊन आलो. नाशिकला आमचं खेळणी, दप्तरं आणि शालेय सामानाचं होलसेल दुकान आहे. तिथल्या कँटन फेअर या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला (कँटन हे ग्वांगझूचंच जुनं नाव) एकदा तरी स्वतः जायचं, हे कित्येक वर्षं मनात होतं. परत आल्यापासून ओळखीतले व्यापारी एकच विचारतात, "राहिलात कुठे? फिरलात कसे?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा सगळं इथे लिहून ठेवतो.

आधी तारखांचं. हे प्रदर्शन १९५७ पासून भरतं, वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. प्रत्येक वेळी पाच-पाच दिवसांचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रं, दुसऱ्यात घरगुती वस्तू आणि भेटवस्तू, तिसऱ्यात कपडे, खेळणी आणि स्टेशनरी. आमचा तिसरा टप्पा ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर होता. आपला माल कोणत्या टप्प्यात येतो ते पाहिल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. खेळण्यांचा व्यापारी पहिल्या टप्प्यात पोहोचला, तर त्याला क्रेन आणि जनरेटर बघून परत यावं लागेल. व्हिसासाठी लागणारं निमंत्रणपत्र प्रदर्शनाच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यावर मिळतं. आत जाण्याचा बिल्ला एकदा बनला की पुढच्या खेपेलाही चालतो, म्हणून तो पासपोर्टसारखा जपा.

पाच वर्षांहून जास्त काळ बंद असलेली थेट विमानसेवा २६ ऑक्टोबरला कोलकाता-ग्वांगझू मार्गावर सुरू झाली. आम्ही त्याच मार्गाने गेलो. विमान रात्री निघतं आणि पहाटे उतरतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पहाटे पोहोचण्यात एक अडचण आहे. मेट्रो सहाच्या सुमाराला सुरू होते आणि हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला मिळते. टर्मिनलमध्ये दोन तास बसून पहिल्या मेट्रोने निघा, नाहीतर टॅक्सीच्या अधिकृत रांगेत उभे राहा. "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. (आम्ही विमानात आगमनाचा कागद हाताने भरला. २० नोव्हेंबर २०२५ पासून तो ऑनलाइन भरण्याची सोय झाली आहे. घरूनच भरून निघा.)

आता हॉटेलचं. आमची चूक इथेच झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रदर्शनाचं संकुल पाजोऊ भागात आहे. नकाशावर त्याच्या अगदी जवळ दिसणारं एक छोटं, स्वस्त हॉटेल मी अ‍ॅपवरून घेतलं होतं. प्रदर्शनाच्या काळात शहरभर दर चढतात, कित्येक ठिकाणी दुप्पट होतात. त्यामुळे एवढ्या कमी भाड्यात खोली मिळाली याचाच आनंद होता. सकाळी सातला बॅगा ओढत पोहोचलो. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट हातात घेतला, पानं उलटीसुलटी करून पाहिली, मग आत जाऊन कुणाला तरी फोन केला. शेवटी स्वतःचा मोबाइल आमच्यापुढे धरला. भाषांतर करून आलेलं वाक्य होतं, "परदेशी पाहुण्यांची नोंद आमच्याकडे होत नाही." ती बिचारी दोनदा मान लववून माफी मागत होती. तिच्यावर चिडून काही उपयोग नव्हता.

यामागचं कारण असं. चीनमध्ये प्रत्येक परदेशी माणसाच्या मुक्कामाची नोंद चोवीस तासांत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवालेच ती करतात. ओळखीच्यांच्या घरी उतरलात तर तुम्हाला स्वतः चौकीवर जावं लागतं. परदेशी म्हणून हॉटेलांनी कुणाला नाकारू नये, असं सरकारने २०२४मध्ये सांगितलं आहे. पण छोट्या ठिकाणी पासपोर्टची नोंद कशी करायची हेच लोकांना माहीत नसतं, आणि चुकीच्या भीतीने ते नाही म्हणतात. म्हणून बुकिंगनंतर लगेच अ‍ॅपमधूनच हॉटेलला निरोप पाठवा, "आम्ही भारतीय पासपोर्टवर येतोय, चालेल ना?" होकार लेखी आला की त्याचा फोटो काढून ठेवा. उत्तर आलं नाही तर बुकिंग रद्द करा. फुकट रद्द होणारी खोलीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. आमचे पैसे परत मिळायला आठवडा गेला.

तिथून मेट्रोने चार स्टेशनं मागे खत्सुनला गेलो आणि एका मोठ्या साखळीच्या हॉटेलात खोली मिळाली. पुढचे पाच दिवस तिथे इतके सोयीचे गेले की आता कुणीही विचारलं तर मी एकच सांगतो: आधी स्टेशन ठरवा, मग हॉटेल.

ग्वांगझूचा कणा म्हणजे तिथली मेट्रो. खत्सुनला ३ नंबर आणि ८ नंबर अशा दोन लाइन मिळतात. ३ नंबर विमानतळाकडून येते. थियू शीलू स्टेशनला गाडी बदलली की थेट खत्सुन, आणि भाडं दहा युआनच्या आत. ८ नंबर सरळ प्रदर्शनाला जाते. तिथे दोन स्टेशनं आहेत. तुमचं दालन A भागात असेल तर शिनगांगदोंगला उतरा, B मध्ये असेल तर पुढच्या पाजोऊला. संकुल इतकं पसरलेलं आहे की चुकीच्या स्टेशनवर उतरलात तर काम सुरू होण्याआधीच पाय दुखायला लागतात. दालनं सकाळी साडेनऊला उघडतात. आम्ही आठलाच निघायचो, कारण नऊनंतर ८ नंबरमध्ये उभं राहायलाही जागा नसते.

अगदी पाजोऊतच राहिलं तर? पैसे असतील तर खुशाल राहा. पण संध्याकाळी सहाला प्रदर्शन बंद झालं की तिथे जेवायला पर्याय थोडे आहेत. थ्यानह आणि जूजियांग न्यू टाउन हा झगमगाटाचा भाग आहे. ६०० मीटर उंच कँटन टॉवर तिथून नदीपलीकडे दिसतो. घरच्यांना घेऊन गेलात तर तिथे राहणं छान वाटेल, पण थियू शीलू स्टेशनच्या सकाळच्या गर्दीची तयारी ठेवा. दादर गर्दीत पाहिलेल्या माणसाला ती नवीन नाही, फक्त इथे सगळे रांगेत उभे असतात. श्याओपेइ भागात अरब, आफ्रिकी आणि आपले व्यापारी उतरतात, ओळखीचं जेवण मिळतं. तिथून प्रदर्शनाला गाड्या बदलत जावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला जेवणाचीच काळजी जास्त असेल तर तो भाग बरा. काही हॉटेलं प्रदर्शनासाठी फुकट बस सोडतात, तेही आधी विचारा.

खोली घेताना आणखी एक बघा. दर फारच कमी असेल तर खोलीला खिडकी आहे का ते तपासा. बिनखिडकीच्या खोल्या तिथे सर्रास विकल्या जातात, वर्णनात तसं लिहिलेलंही असतं, पण बारीक अक्षरांत. आम्हाला आधी तशीच खोली दिली होती. भाच्याने पडदा बाजूला केला, तर मागे सरळ भिंत. "मामा, पडदा आहे पण खिडकी नाहीये हो!" खाली जाऊन थोडे जास्त पैसे भरले आणि खोली बदलून घेतली. सिगारेटचा वास सहन होत नसेल तर धूम्रपानबंदीची खोली आधीच मागा. पोहोचल्यावर अनामत घेतात, तिची पावती सोडू नका. खोलीत पाणी तापवायची किटली असते. नळाचं पाणी पिऊ नका, किटलीत उकळून प्या. तिथले लोकही तेच करतात.

हॉटेल बदलायला घाबरू नका, हेही सांगतो. प्रदर्शन संपल्यावर दोन दिवस बाजारासाठी ठेवले होते. खेळणी आणि स्टेशनरीचा घाऊक बाजार यी-द रोड आणि हायजू चौकाभोवती आहे. खत्सुनहून रोज ये-जा करण्यापेक्षा बॅगा उचलून आम्ही चौकाजवळच गेलो. तिथे २ आणि ६ नंबरच्या लाइन मिळतात. दुपारी नमुन्यांच्या पिशव्या खोलीवर टाकून पुन्हा बाजारात जाता येत होतं, ही सोय फार मोठी. कॅटलॉग आणि नमुन्यांचं वजन कुणी आधी सांगत नाही. चाकांची एक रिकामी बॅग घरूनच न्या.

पैशांचं बोलतो. मी अलीपे हे मोबाइलवरून पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप वापरलं. आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्याला जोडता येतं, पासपोर्टची पडताळणी होते, आणि मग मेट्रोपासून फळवाल्यापर्यंत सगळीकडे कोड दाखवून काम होतं. हे सगळं निघण्याआधी, भारतात बसूनच करा. कार्डाचा परदेशातला वापर बँकेतून चालू करून घ्या, आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम रोमिंगवर ठेवा. ओटीपी अडकला की सगळंच अडकतं. २०० युआनवरच्या प्रत्येक व्यवहारावर परदेशी कार्डाला तीन टक्के जादा लागतात, म्हणून मोठी रक्कम शक्य तिथे रोख दिली.

रोमिंगचा आणखी एक फायदा म्हणजे हॉटेलच्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, पण आपल्या सिमच्या रोमिंग डेटावर दोन्ही चाललं. वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवर आपल्याकडे २०२० पासून बंदी आहे आणि तिथे प्रत्येक जण पहिल्यांदा तेच मागतो. आम्ही छापील कार्डं आणि ईमेल पुढे केलं. निर्यात करणाऱ्या बहुतेकांकडे व्हॉट्सअ‍ॅपही निघालं. गूगलच्या नकाशावर मात्र विसंबू नका. तो तिथे जागा सरकवून दाखवतो, आणि आपण गल्लीच्या चुकीच्या बाजूला उभे राहतो. अ‍ॅमॅप हे चिनी नकाशाचं अ‍ॅप घ्या, त्यात इंग्रजीची सोय आहे.

मेट्रोत प्रत्येक स्टेशनला बॅग तपासतात. सुटं तिकीट म्हणजे प्लॅस्टिकची चकती. आत जाताना टेकवायची, बाहेर पडताना खाचेत टाकायची. भाडं २ युआनपासून सुरू होतं. बाहेर पडायच्या वाटांना A, B, C अशी अक्षरं असतात. हॉटेलवाल्याला "कुठल्या वाटेने बाहेर पडू?" हे नक्की विचारा. चुकीच्या वाटेने निघालात तर आठ पदरी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पोहोचता.

रात्री उशिरा आम्ही 'दीदी' या ओला-उबरसारख्या सेवेची गाडी बोलवायचो, ती अलीपेमधूनच मिळते. गाडीत बसलं की ड्रायव्हर काहीतरी विचारतो. पहिल्यांदा आम्ही नुसते बघत राहिलो. त्याला तुमच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे हवे असतात, बरोबर गिऱ्हाईक बसलं का ते बघायला. भाच्याने दुसऱ्या दिवशी आकडे पाठ केले. फोन नंबर सांगताना एकला "याओ" म्हणतात. तिसऱ्या रात्री त्याने चार आकडे खणखणीत सांगितले, तर ड्रायव्हरने मागे वळून अंगठा दाखवला. हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी अक्षरांत फोनमध्ये ठेवा, आणि एक कागदही खिशात असू द्या. बॅटरी संपली तर कागदच उपयोगी पडतो.

आम्ही दोघेही शाकाहारी. नाश्त्याला तांदळाची पातळ पेज मिळते, अगदी कोकणातल्यासारखी, पण त्यात मांस नाही ना हे विचारावं लागतं. बरोबर वाफवलेले पांढरे पाव, सोयाचं दूध, फळं. "वो छ सू", म्हणजे मी शाकाहारी, हे वाक्य चिनी अक्षरांत फोनवर ठेवलं होतं. बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खाणावळी असतात, तिथे निर्धास्त जेवलो. एका खाणावळीत शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना कुणी चहा ओतला की ते दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायचे. तो आभाराचा रिवाज आहे. मग आमच्या कपात चहा पडला तेव्हा आम्हीही बोटं आपटली, आणि आजोबा दिलखुलास हसले.

शेवटच्या दुपारी काही विकत घ्यायचं नव्हतं. ६ नंबरने कल्चरल पार्क स्टेशनला उतरलो. युरोपी व्यापाऱ्यांच्या जुन्या वखारी, 'तेरा हाँग', इथेच नदीकाठी होत्या. १७५७ ते १८४२ पर्यंत पाश्चात्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये हे एकच बंदर उघडं होतं. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी कापूस आणि अफूच्या व्यापारासाठी या गावाच्या फेऱ्या करत. ज्या जे. जे. रुग्णालयात माझ्या वडिलांवर उपचार झाले, त्याला लागलेला पैसा या नदीवरून मुंबईला आला होता. त्या अफूने इथल्या माणसांचं काय झालं, तेही तिथे उभं राहून आठवल्याशिवाय राहत नाही. वखारी १८५६मध्ये जळाल्या. आता त्या जागी बाग आहे, म्हातारी माणसं पत्ते खेळत बसलेली असतात. शेजारचं शामियान बेट चालत दहा मिनिटांवर आहे. जुन्या वकिलातींच्या इमारती आणि मोठमोठी वडाची झाडं. भाचा एका पारंबीला हात लावून म्हणाला, "मामा, आपल्या पंचवटीसारखं वाटतंय." मग आम्ही नदीकडे तोंड करून बाकावर बसलो आणि परतीच्या मेट्रोची वेळ होईपर्यंत उठलो नाही.