पुसलेली मेल आणि आठाचा आकडा

शेठचा फोन आला तोच चढ्या आवाजात. "मेल उडवलेत. जाता जाता हात साफ करून गेली!"

नाशिकमधलं हे द्राक्ष निर्यातीचं ऑफिस. तिथल्या संगणकांची देखभाल वर्षाच्या करारावर माझ्याकडे आहे. शेठचा रोख होता तो मेल आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं सांभाळणाऱ्या ताईंवर. त्यांनी नुकताच राजीनामा दिला होता, नोटीसचा महिना चालू होता. आणि नेमका आत्ताच रॉटरडॅमच्या बायरने मार्चमध्ये गेलेल्या एका कंटेनरवर क्लेम लावला होता. देठ सुकलेले, मणी गळलेले, सबब दर कमी. शेठचं म्हणणं, माल उतरल्यावर एप्रिलमध्ये याच माणसाने दर पक्का केल्याची मेल पाठवली होती. ती मेल सापडत नव्हती. नव्या हंगामाच्या फळासाठीची गोडी छाटणी तोंडावर आलेली, बागायतदारांचे शेवटचे हिशोब त्याच कंटेनरपायी अडकलेले. शेठचा पारा चढणं साहजिक होतं.

मी पोचलो तेव्हा ताई खुर्चीत ताठ बसून होत्या. "सर, मी एकही मेल डिलीट केलेली नाही," एवढंच बोलल्या.

या ऑफिसात सगळी मेल थंडरबर्डवर. मोझिलाच्या या फुकट प्रोग्रामची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. २०१२ मध्ये मोझिलानेच त्यातून हात आखडता घेतला, तेव्हा आमच्या धंद्यातल्या अनेकांनी त्याला श्रद्धांजली वाहून टाकली होती. तो काही गेला नाही. छोट्या ऑफिसांत तो मी आजही बसवून देतो, कारण मेल आपल्या डिस्कवर, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पडून राहते. इथे खातं पॉपवर होतं, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून आपल्या मशीनवर घेण्याच्या पद्धतीवर. होस्टिंगवाल्याची जागा तुटपुंजी, म्हणून सर्व्हरवर दोन आठवड्यांपलीकडचं काही राहत नव्हतं. म्हणजे जे काही असेल ते याच मशीनमध्ये.

इनबॉक्स तारखेने लावून खाली गेलो. जूनच्या मध्यापर्यंत मेलची रांग भरगच्च. त्याच्या मागे एकदम विरळ, चार-सहा दिवसांतून एखादी मेल. आणि त्या उरलेल्या प्रत्येक मेलपुढे पिवळा तारा.

"तारे कोण लावतं?"

"मीच. पेमेंट आलं की लावते, नंतर शोधायला बरं पडतं."

इथेच मला वास आला. रागाने मेल उडवणारा माणूस तारेवाल्या निवडून मागे ठेवेल? अकाउंट सेटिंग्ज उघडून डिस्क स्पेसच्या पानावर गेलो. 'इतक्या दिवसांपेक्षा जुने मेसेज काढून टाका' हा पर्याय निवडलेला, आकडा नव्वद. खाली 'तारांकित मेसेज नेहमी ठेवा' यावरही खूण. जुने मेसेज काढण्याचा हा पर्याय मूळचा बंद असतो. कुणीतरी मुद्दाम चालू केल्याशिवाय चालू होत नाही, आणि चालू केला की प्रोग्राम गुपचूप जुन्या मेल काढत राहतो. कचऱ्याच्या फोल्डरमध्येही त्या जात नाहीत. त्याच पानावर तसा इशारा लिहिलेला असतो, पण वाचतो कोण! उन्हाळ्यात डिस्क भरली होती तेव्हा शेठच्या भाच्याने 'जागा करून' दिली होती, असं चौकशीत निघालं. भाचा पुण्याला. त्याला फोन लावायची घाई कुणालाच नव्हती.

कारण कळलं, पण मेल? मी आधी पर्याय बंद केला, थंडरबर्ड बंद केला आणि ताईंना विचारलं, "फोल्डर कॉम्पॅक्ट करू का, असं विचारणारी चौकट कधी येते का?"

"रोज येते. मी रोज 'रिमाइंड मी लेटर' दाबते. काय आहे ते कळत नाही, उगाच कशाला हात लावा!"

मला हसू आवरेना. त्या चौकटीत एकदा जरी 'हो' म्हटलं असतं तर सगळा खेळ खलास होता. थंडरबर्ड मेल पुसतो म्हणजे तिच्यावर फक्त 'पुसली' असा शिक्का मारतो, रजिस्टरमधल्या नोंदीवर आडवी रेघ ओढावी तसा. मजकूर इनबॉक्स नावाच्या फाइलमध्ये जागच्या जागी राहतो. तो खरोखर जातो कॉम्पॅक्ट करताना.

थंडरबर्ड आपली सगळी मेल आणि सेटिंग्ज ठेवतो त्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ती फाइल होती. नाव नुसतं इनबॉक्स, पुढे एक्स्टेन्शन काही नाही. शेजारी त्याच नावाची छोटीशी एमएसएफ फाइल, ती फक्त सूची. इनबॉक्स पाच जीबीच्या वर गेलेला. पेन ड्राइव्हवर कॉपी करायला गेलो तर फाइल मोठी आहे म्हणून नकार. ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या मांडणीची, तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. बॅगेतली बाहेरची डिस्क काढली, सगळं प्रोफाइल तिच्यावर घेतलं आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर केलं.

एवढी फाइल नोटपॅडमध्ये उघडत नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळी लिहून बायरच्या पत्त्याने शोधलं. इंग्रजी विषय सरळ वाचता येतात, मराठी विषय मात्र सांकेतिक अक्षरांची गिचमीड होऊन बसलेले असतात. एप्रिलची मेल सापडली. तिच्या डोक्यावर एक ओळ होती: 'एक्स-मोझिला-स्टेटस', आणि पुढे '०००बी'.

शेठना खुर्ची ओढून जवळ बसवलं. मेल वाचली की एक, उत्तर दिलं की दोन, तारा लावला की चार, पुसली की आठ, अशी बेरीज त्या शेवटच्या अक्षरात असते. अकरा झाले की 'बी' लिहितात. म्हणजे वाचलेली, उत्तर दिलेली आणि पुसलेली. "हां! म्हणजे पुसली तर आहेच ना?" शेठ म्हणाले.

मग मी आधीच्या-नंतरच्या मेल दाखवल्या. तारे सोडून जूनच्या मागची यच्चयावत मेल आठाची. फ्लाइट तिकिटांच्या जाहिराती, बॉक्सवाल्याची दरपत्रकं, न उघडलेला सगळा कचरासुद्धा: त्यांच्यापुढे नुसतं '०००८'. एवढ्या हजारो जाहिराती न वाचता, तारीख बघून एकेक पुसायला माणूस बसणार नाही. शेठ काही बोलले नाहीत. चहा मात्र मागवला, आणि त्यात पहिला कप ताईंकडे सरकवला.

बाकीचं काम सोपं. स्क्रिप्टने प्रतीमध्ये प्रत्येक मेलच्या त्या ओळीतले आठ वजा केले, 'बी' चा तीन झाला, नवाचा एक. आकडे चारच जागा व्यापतात, त्यामुळे बाकी फाइल एका अक्षरानेही हलत नाही. ती फाइल 'जुनी मेल' नावाने लोकल फोल्डर्समध्ये टाकली आणि थंडरबर्ड उघडला. सूची बांधायला त्याला बराच वेळ लागला. मग डावीकडे 'जुनी मेल' असा फोल्डर उभा राहिला.

एप्रिलची ती मेल शेठनी दोनदा वाचली. दर पक्का असल्याचं बायरने स्वच्छ लिहिलं होतं. त्यांनी तीच मेल जोडून रॉटरडॅमला उत्तर पाठवायला सांगितलं, आणि ते ताईंनीच लिहिलं. क्लेमचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. ताईंचा राजीनामा कायम राहिला.

जाण्याआधी प्रोफाइलची दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत पडेल अशी सोय केली. थंडरबर्ड चालू असताना प्रत घेऊ नका, असं नव्या मुलाला कागदावर लिहून दिलं. बिलावर शेठनी घासाघीस केलीच.