पीडीएफ जोडताना पानं येतात, बाकीचं येईलच असं नाही

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, आधार. प्रवेशाचा किंवा नोकरीचा अर्ज भरताना हे सगळं 'एकाच पीडीएफमध्ये जोडा' असं सांगितलं जातं. मग 'मर्ज पीडीएफ' शोधायचं, वर आलेली पहिली साइट उघडायची आणि घरातल्या सगळ्यांची कागदपत्रं तिच्यावर चढवायची, हा सर्रास चालणारा प्रकार आहे. तो थांबायला हवा, कारण या कामासाठी फाइल तुमच्या मशीनबाहेर जाण्याची गरजच नसते.

ब्राउझरमध्ये जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. आयलव्हपीडीएफ किंवा स्मॉलपीडीएफसारख्या साइट फाइल आपल्या सर्व्हरवर घेतात, तिथे जोडतात आणि परत देतात. दुसऱ्या प्रकारच्या साइट फक्त प्रोग्राम तुमच्या ब्राउझरमध्ये उतरवतात. 'पीडीएफ-लिब'सारखी जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरून जोडणी तुमच्याच कॉम्प्युटरच्या मेमरीत होते. दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळे साइटवरच्या 'सुरक्षित' या शब्दावर जाऊ नका. पान पूर्ण उघडू द्या, मग वायफाय बंद करा आणि दोन बिनमहत्त्वाच्या फाइल जोडून बघा. जोडल्या गेल्या तर काम तुमच्याच मशीनवर होतंय. खरी कागदपत्रंही नेट बंद ठेवूनच जोडा, तयार फाइल सेव्ह करा, टॅब बंद करा आणि मगच नेट सुरू करा. या पद्धतीत सगळ्या फाइल एकदम मेमरीत राहतात. जुन्या मोबाइलवर मोठे स्कॅन टाकले की टॅब आपोआप रीलोड होतो तो यामुळेच. तेव्हा चार-चार फाइल जोडा आणि शेवटी ते गठ्ठे एकत्र करा.

फाइल निवडण्याआधी नावं बदलून घ्या. बऱ्याच साइट नावं अक्षरक्रमाने लावतात, त्यामुळे 1 नंतर 10, मग 11 आणि त्यानंतर 2 असा क्रम लागतो. 01, 02 अशी सुरुवात केली की हा गोंधळ होत नाही.

आता मुख्य अडचण. जोडणारा प्रोग्राम प्रत्येक फाइलमधली पानं उचलतो, त्यांना नवे अंतर्गत क्रमांक देतो आणि एका नव्या फाइलमध्ये ठेवतो. जे पानावर आहे ते येतं. जे फाइलचं आहे, म्हणजे पासवर्ड, डिजिटल सही, बुकमार्क, भरायच्या फॉर्मच्या चौकटी, ते गळतं किंवा बिघडतं.

यात सगळ्यात जास्त नुकसान सहीचं होतं. डिजिटल सहीचा सातबारा किंवा दाखला म्हणजे नुसतं सहीचं चित्र नव्हे. ती सही त्या फाइलच्या मूळ बाइट्सवर केलेली असते. पानं नव्या फाइलमध्ये गेली की ते बाइट्स उरत नाहीत. चित्र तसंच दिसतं, पण पडताळणीला काही उरत नाही. म्हणून सहीची मूळ फाइल कधीही पुसू नका. अर्जात वेगळी फाइल जोडायची सोय असेल तर ती मूळ फाइलच द्या.

ई-आधारला पासवर्ड असतो: नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. अशी फाइल जोडायला घेतली की एरर येतो, काही ठिकाणी तर कोरी पानं मिळतात. क्रोममध्ये पासवर्ड टाकून फाइल उघडा, प्रिंट दाबा, प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अॅज पीडीएफ' निवडा, कागद ए4 ठेवा. ही बिनपासवर्डची प्रत जोडता येते, काम झाल्यावर मात्र ती पुसा. पूर्ण क्रमांक मागितलेला नसेल तर शेवटचे 4 अंक दाखवणारं मास्क्ड आधारच वापरा.

भरलेल्या फॉर्मचंही असंच. एकाच फॉर्मच्या दोन प्रती दोन भावंडांसाठी भरून जोडल्या, तर दोन्हीकडे चौकटींची नावं तीच असतात. एका फाइलमध्ये एकाच नावाच्या चौकटींना एकच मजकूर असतो, त्यामुळे दोघांच्या पानांवर एकाचंच नाव उमटू शकतं. जोडण्याआधी दोन्ही फॉर्म वरच्याच रीतीने प्रिंट करून पीडीएफ करा, म्हणजे मजकूर पानावर पक्का होतो.

पानांचा आकारही बघा. पीडीएफ 72 पॉइंटचा एक इंच मानतं. ए4 पान 595 गुणिले 842 पॉइंटचं. मोबाइलचा 3000 पिक्सेल रुंद फोटो एखाद्या अॅपने पिक्सेलला एक पॉइंट धरून बदलला, तर ते पान जवळपास 42 इंच रुंद होतं. जोडल्यावर एक पान अवाढव्य आणि बाकीची चिमुकली दिसतात. स्कॅन करतानाच ए4 निवडा.

फाइल मर्यादेपेक्षा मोठी झाली तर दोष जोडणीचा नसतो. जोडल्याने वजन कमी होत नाही, साधारण बेरीज होते. कमी करायचं तर मुळात, स्कॅनमध्ये. 300 डीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला 300 ठिपक्यांच्या, ए4 पानात सुमारे 87 लाख पिक्सेल असतात, 150 ला जेमतेम 22 लाख. गुणपत्रिकेला 150 डीपीआय आणि ग्रेस्केल, म्हणजे रंगाऐवजी करड्या छटा, बहुतेक वेळा पुरतं. पुन्हा पुन्हा कॉम्प्रेस केलं की शिक्के आणि बारीक आकडे आधी फुटतात.

अपलोड करण्याआधी तयार फाइल उघडून पानांची बेरीज जुळवा, आडवी आलेली पानं सरळ करा. मग प्रत्येक पान मोठं करून आसन क्रमांक आणि दाखल्याचा क्रमांक वाचून बघा. त्यातला एक आकडा जरी अंदाजाने वाचावा लागला, तर तेवढं पान पुन्हा स्कॅन करा.