धातूचा माऊस पॅड घ्यावा का? माझे आठ महिने

दिवाळी अंकांचा हंगाम संपला की दरवर्षी मी स्वतःसाठी एखादी वस्तू घेते. पुस्तकांची आणि अंकांची पानं लावणं हा माझा व्यवसाय. पुण्यात सदाशिव पेठेतल्या घरातूनच काम चालतं, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हे तीन महिने उजवा हात माऊसवरून जेवायला उठतो तेवढाच. गेल्या वर्षी तीन अंक एकदम हातात होते. शेवटचा अंक छपाईला गेला त्या दिवशी टेबल पुसायला घेतलं आणि जुन्या कापडी पॅडकडे नीट बघितलं. मनगट टेकतं तिथे काळपट डाग, कडेचे धागे सुटलेले, पावसाळ्यात धरलेला कुबट वास अजून तसाच. ठरवलं, यंदा माऊस पॅडच घ्यायचा. आणि घ्यायचा तर ॲल्युमिनियमचा, कारण तो मला मनापासून सुंदर वाटत होता. दिवसाचे दहा तास जी वस्तू नजरेसमोर असते ती देखणी हवी, असं मला वाटतं.

ऑनलाइन मागवला, 899 रुपयांना. आला तेव्हा खरंच देखणा होता. आरशासारखी पॉलिश, खाली काळं रबर. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला तर समोरच्या वाड्याचं कौलारू छप्पर त्यात उलटं दिसत होतं.

त्याच दुपारी एका कवितासंग्रहाचं शीर्षक लावत होते. मोठ्या टायपात रफार जरा बाहेर पडल्यासारखा दिसत होता, तो हाताने अर्धा मिलिमीटर आत घ्यायचा होता. रफार धरला, हलवला, तर तो थेट वरच्या ओळीत जाऊन बसला. पुन्हा धरला. आता जागचा हलेचना. माऊसची बॅटरी बदलली, खालची काच पुसली, काही फरक नाही. जुना कापडी पॅड कचऱ्याच्या डब्यातून काढून आणला, त्यावर माऊस ठेवला आणि सगळं सुरळीत चालू झालं. दोष माऊसचा नव्हता.

मग मी हे नीट समजून घ्यायचं ठरवलं. आपण वापरतो त्या ऑप्टिकल माऊसच्या पोटात एक अगदी छोटा कॅमेरा असतो. शेजारचा दिवा खालच्या पृष्ठभागावर तिरका प्रकाश टाकतो. पृष्ठभागावर बारीक खडबडीतपणा असला की त्याच्या चिमुकल्या सावल्या पडतात. कॅमेरा सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं टिपतो आणि आधीच्या चित्रातल्या सावल्या पुढच्या चित्रात कुठे सरकल्या ते पाहून हात किती हलला ते ठरवतो. आरशावर सावलीच पडत नाही. प्रकाश एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. कॅमेऱ्याला ओळखीची खूणच सापडत नाही, मग कर्सर अडखळतो नाहीतर उड्या मारतो. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून मी दोन्ही पॅड पाहिले. कापडावर प्रत्येक धागा उठून दिसला. धातूवर नुसती चकाकी.

खालच्या मजल्यावर राहणारे काका आयुष्यभर संगणकांवर काम करून निवृत्त झाले आहेत. त्यांना पॅड दाखवला तर ते हरखलेच. "अगं, आमच्या पहिल्या ऑप्टिकल माऊसला धातूचाच पॅड लागायचा," म्हणाले. 1980 च्या दशकात सन या संगणक कंपनीच्या वर्कस्टेशनबरोबर, म्हणजे टेबलावरच्या ताकदवान संगणकाबरोबर, जो माऊस यायचा त्याला साधं टेबल चालतच नसे. त्याचा चमकदार धातूचा पॅड वेगळा मिळायचा, त्यावर बारीक रेघांची जाळी छापलेली. उभ्या रेघा एका रंगाच्या, आडव्या दुसऱ्या. माऊस त्या रेघा मोजत जायचा. कोणी पॅड आडवा फिरवून ठेवला की गोंधळ व्हायचा. म्हणजे तेव्हाही माऊसला चकाकी पुरत नव्हती, त्यावरच्या रेघा हव्या होत्या. हे ऐकल्यावर माझ्या पॅडचं नेमकं काय चुकलंय ते मला लख्ख कळलं.

आणखी एक त्रास होता. पॅडची कड लॅपटॉपला टेकायची. माझ्या लॅपटॉपची बॉडी धातूची आणि चार्जर दोन पिनांचा. हात अलगद सरकवला की पॅड थरथरल्यासारखा, खरबरीत लागायचा. चार्जरमधल्या फिल्टरमधून अगदी किरकोळ विद्युत प्रवाह बॉडीपर्यंत पोहोचतो आणि अर्थिंग नसलं की तो हाताला जाणवतो. पॅड टेकलेला असला की तोच प्रवाह पॅडवर येत होता. शिवाय पॅडची कड इतकी धारदार होती की संध्याकाळी मनगटाच्या आतल्या बाजूला लाल रेघ उमटलेली असायची.

परत करायला गेले तर विक्रेत्याने नकार दिला. कारण काय, तर पृष्ठभागावर वापराचे ओरखडे आहेत. ओरखडे होतेच, दोन दिवस माऊस फिरवला होता. पण फिरवल्याशिवाय माऊस चालतो की नाही ते कळणार कसं? चार दिवस लिहालिही केली, फोटो पाठवले, उत्तर तेच. मला याचा फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

माझा मावसभाऊ भोसरीत ॲनोडायझिंगच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. ॲनोडायझिंग म्हणजे विजेच्या मदतीने ॲल्युमिनियमवर कठीण थर वाढवणं. भाऊबीजेला गावाला गेला होता म्हणून ओवाळणी राहिली होती. त्याला फोन केला, सगळं सांगितलं. "फेकू नकोस. शनिवारी घेऊन ये," एवढंच म्हणाला.

मंडईहून मेट्रो धरली, नाशिक फाट्याला उतरून पुढे रिक्षा. दादाने पॅड हातात घेतला, उलटसुलट केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "नुसता बफ मारलाय. ग्रेड कोणता आहे?" बफ म्हणजे पॉलिश, आणि ग्रेड म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा प्रकार. तो कुठेच लिहिलेला नव्हता. "मग रंग एकसारखा येईल याची खात्री नाही देत. चालेल?" मी म्हटलं, चालेल.

पुढचे तीन तास मी त्याच्या मागे मागे फिरले. आधी गरम हवेच्या गनने रबर सोडवलं, डिंकाचा थर पुसून काढला. उघडी प्लेट काट्यावर ठेवली तर 390 ग्रॅम भरली. मग त्याने कानशीने चारही कडांना चॅम्फर मारला, म्हणजे धार घासून तिरकी केली. त्यानंतर ब्लास्टिंग. काचेच्या बारीक मण्यांचा फवारा हवेच्या जोराने प्लेटवर मारतात. पेटीच्या काचेतून मी बघत होते. फवारा जिथून जाईल तिथला आरसा पुसला जात होता आणि मागे दुधाळ, मऊ दिसणारा करडा पट्टा राहत होता. छप्पर, दिवे, माझा चेहरा, सगळं दोन मिनिटांत गेलं.

मग टाक्यांची रांग. धुणं, कॉस्टिक सोडा, पुन्हा धुणं, नायट्रिक ॲसिड, पुन्हा धुणं. एका नगासाठी टाकी कोणी चालू करत नाही, म्हणून माझी प्लेट एका गिऱ्हाइकाच्या पट्ट्यांच्या हँगरवर शेवटी लटकवली होती. सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत ती धन टोकाला जोडली जाते आणि वीज सोडली की ॲल्युमिनियमच्या अंगातूनच ऑक्साईडचा थर वाढत जातो. हा रंगासारखा वरून चढवलेला लेप नसतो, त्यामुळे त्याचे पापुद्रे निघत नाहीत. थर काही मायक्रॉनचाच, पण अतिशय कठीण. माणिक आणि नीलम ज्या पदार्थाचे बनतात तोच हा पदार्थ, ॲल्युमिनियम ऑक्साईड. त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. प्लेट काळ्या रंगाच्या टाकीत बुडवली की रंग त्या छिद्रांत शिरतो, आणि शेवटी उकळत्या पाण्यात ठेवली की छिद्रं मिटतात आणि रंग आतच राहतो.

प्लेट बाहेर आली ती गडद कोळशाच्या रंगाची. एका बाजूला किंचित तांबूस झाक आहे, दादाने सांगितलं होतं तसंच. मला ती आवडली. मग त्याने मल्टिमीटर काढला आणि दोन्ही टोकं पॅडवर टेकवली. मीटर गप्प. ऑक्साईडच्या थरातून वीज जात नाही. नंतर डाव्या वरच्या कोपऱ्यात, हँगरची पकड होती तिथे एक टोक टेकवलं आणि दुसरं उजव्या कोपऱ्यातल्या तशाच ठिपक्यावर. बीप वाजला. पकड जिथे धरते तिथे थर चढतच नाही, म्हणून तांदळाच्या कणीएवढे दोन चकचकीत ठिपके राहिले आहेत. "हे लॅपटॉपला टेकवू नकोस," दादा म्हणाला. पैसे घेतले नाहीत. "ओवाळणी समज." मी डबा नेला होता, ओल्या नारळाच्या करंज्या. त्या सगळ्यांनी मिळून तिथेच संपवल्या.

घरी येऊन खाली रबराचे चिकटणारे ठिपके लावले, 40 रुपयांचे. माऊस ठेवला. रफार धरला. जिथे न्यायचा होता तिथेच गेला.

त्याला आता आठ महिने झाले. रोज दहा तास त्यावर काम केलंय, त्यामुळे त्रास काय काय होतो तेही सांगते.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला कामाला बसलं की पॅड बर्फासारखा लागतो. खोलीचं तापमान आणि पॅडचं तापमान एकच असतं, पण ॲल्युमिनियम हाताची ऊब झपाट्याने ओढून घेतं, कापड घेत नाही. मी लोकरीच्या जुन्या मोज्याचा वरचा भाग कापून मनगटावर चढवते. ज्यांचं मनगट आधीच दुखतं त्यांनी हा विचार अगोदर करावा. एप्रिलमध्ये उलट होतं. दुपारी पंखा गरम हवा फेकत असतो तेव्हा मनगटाखाली तो गारवा इतका बरा वाटतो की कापडी पॅडवर घामेजलेला हात आता आठवतही नाही.

आवाज होतो. कापडावर माऊस सरकतो तो कळतही नाही, इथे खरखर ऐकू येते. बांगडी आपटली की टण्णकन वाजतं, म्हणून उजव्या हातातल्या बांगड्या काम करताना काढून ठेवते.

सगळ्यात मोठा खर्च माऊसच्या पायांचा. माऊसखाली टेफ्लॉनच्या चकत्या असतात, त्या मऊ, आणि ऑक्साईडचा थर कठीण. मार्चमध्ये माऊस जड चालायला लागला. उलटा करून पाहिला तर पुढच्या दोन चकत्यांच्या गोल कडा पार झिजून प्लास्टिकला भिडल्या होत्या. कापडावर त्याच चकत्यांनी दोन वर्षं काढली होती. नव्या चकत्यांचा संच 150 रुपयांना मिळाला. दर तीन-चार महिन्यांनी हा खर्च धरूनच चालावं लागतं. धुळीचा एक कण जरी मध्ये आला तरी चकतीवर रेघ उमटते, म्हणून सकाळी बसण्याआधी ओलसर फडकं फिरवते. साफ करायचं तर तेवढंच. सासूबाई एकदा प्रेमाने तांब्याच्या भांड्यांबरोबर पॅडही चिंच आणि पावडर लावून घासायला घेणार होत्या, वेळेवर थांबवलं. असल्या घासणीने आणि आंबटाने थर खराब होतो.

गेल्या महिन्यात माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलीला असाच पॅड हवा झाला. मी तिला ऑनलाइन घेऊ दिला नाही. तिचाच माऊस आणि लॅपटॉप घेऊन आम्ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार म्हणाले, "ताई, सगळ्यावर चालतं हो." मी म्हटलं, चालत असेल तर दोन मिनिटं बघू द्या. चार पॅड काढले. टॉर्च तिरका धरला. दोन आरशासारखे होते, ते तिथेच बाजूला ठेवले. तिसऱ्याची कड बोटाला लागत होती. चौथा मॅट, कड गोलसर, खाली पूर्ण रबर. त्यावर तिला माऊसने सावकाश मोठं वर्तुळ काढायला लावलं, मग भरभर काढायला लावलं. रेघ कुठे तुटली नाही. मग दुकानदारांनीच कुतूहलाने एका चकचकीत पॅडवर वर्तुळ काढून पाहिलं. ते वर्तुळ झालं नाही, आणि तो पॅड त्यांनी काही न बोलता आतल्या फळीवर ठेवला.

तिला 750 रुपये पडले. माझा पॅड, रबर आणि मार्चमधला चकत्यांचा संच धरून 1089 झालेत, दादाची मेहनत वेगळी. माझ्यासारखं बारीक काम असेल, हात फिरवून बघून घेता येत असेल आणि चकत्या बदलायची तयारी असेल तर घ्या, मी पुन्हाही घेईन. अंगाला गार सोसत नसेल किंवा घरात रात्री कोणी शेजारी झोपलेलं असताना काम करायचं असेल तर चांगल्या विणीचा कापडी पॅडच बरा.

आता पुन्हा दिवाळी अंकांचा मजकूर यायला लागलाय. काल नव्या चकत्या लावल्या, कोपऱ्यातल्या त्या दोन ठिपक्यांवर चिकटपट्टीचे तुकडे नव्याने डकवले, आणि पहिल्या अंकाची अनुक्रमणिका लावायला घेतली.