पोर्ट्रेटसाठी परवडणारी प्राइम लेन्स निवडताना: आधी अंतर, मग ॲपर्चर

हाताशी होता एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या 'फुल फ्रेम'पेक्षा लहान) मिररलेस कॅमेरा, सोनी ई माउंट (लेन्स बसवायची जागा), बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, सोबत आलेली १६-५० मिमीची झूम, म्हणजे किट लेन्स. काम माणसांचे फोटो, आणि पैसे एकाच प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्सपुरते. निवडीची सुरुवात बहुतेक जण करतात तिथूनच केली: एफ १.८ घ्यावी की एफ १.४? ती जागा चुकीची निघाली. ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सचं प्रकाशद्वार किती उघडतं याचा (एफ-आकडा लहान तेवढं द्वार मोठं), प्रश्न बराच नंतर येतो. त्याआधी विचारायचं ते हे, की फोटो काढताना आपल्याला माणसापासून किती लांब उभं राहता येणार आहे?

चेहरा कसा दिसणार हे फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा, मोठा तेवढं दृश्य जवळ) ठरवत नाही, अंतर ठरवतं. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण १२ सेंमी धरा. कॅमेरा नाकापासून ५० सेंमीवर असेल तर कान ६२ सेंमीवर, म्हणजे कानाच्या मानाने नाक सुमारे २४ टक्के मोठं उमटणार. २ मीटरवरून हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. त्यामुळे पोर्ट्रेटला दीड ते अडीच मीटरचं अंतर बरं. ८५ मिमी (फुल फ्रेमवर) ही 'पोर्ट्रेट लेन्स' म्हणून रूढ झाली ती यामुळेच, कारण एवढ्या अंतरावरून ती छातीपर्यंतची किंवा कमरेपर्यंतची फ्रेम नेमकी भरते. काचेत दुसरी काही जादू नाही.

एपीएस-सीवर ८५ चं काम ५६ मिमी करते (सेन्सर लहान म्हणून दृश्याच्या कडा कापल्या जातात, तो क्रॉप: ५६ × १.५ = ८४). कॅननचा क्रॉप १.६ आहे, तिथे ५० मिमी म्हणजे ८०. मायक्रो फोर थर्ड्सवर (सेन्सर आणखी लहान) दुप्पट, म्हणून तिथे ४२.५ किंवा ४५.

पुढचं काम टेप घेऊन. हिशोब सोपा आहे: अंतर = फोकल लेंग्थ × (फ्रेममध्ये हवी ती उंची ÷ सेन्सरची उंची + १). कॅमेरा उभा धरला की एपीएस-सी सेन्सरची उंची साडेतेवीस मिमी. त्या हिशोबाने ५६ मिमीला डोकं-खांदे (५० सेंमी) सव्वा मीटरवरून बसतात, कमरेपर्यंतचा फोटो (९० सेंमी) २.२ मीटरवरून, आणि उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, थोडी मोकळी जागा धरून (२ मीटर), ४.८ मीटरवरून. ५० मिमीला हेच आकडे १.१, २ आणि ४.३. ३५ मिमीला उभ्या माणसासाठी ३ मीटर पुरतात, पण डोकं-खांद्यांसाठी ८० सेंमीवर जावं लागतं आणि नाकाची तक्रार परत सुरू होते.

यात दोन गोष्टी मिळवायला लोक विसरतात. कॅमेऱ्यामागे आपण स्वतः उभे असतो, त्याला अर्धा मीटर. आणि माणूस भिंतीला चिकटून उभा असेल तर कितीही मोठ्या ॲपर्चरची लेन्स आणा, भिंत धूसर होत नाही. त्यासाठी मागे किमान दीड मीटर हवं. म्हणजे ५६ मिमीने कमरेपर्यंतचा फोटो घ्यायला खोलीची लांबी ४.२ मीटर पाहिजे. खोली ३ मीटरची असेल तर ५६ ही तिथे फक्त चेहऱ्याची लेन्स होते.

हे कागदावर न ठेवता किट लेन्सवर करून पाहिलं. झूम ५० वर नेला आणि तासभर तिथून हलवला नाही. पॉवर (मोटरवर चालणारा) झूम असेल तर स्क्रीनवरचा आकडा बघत राहायचं. ॲपर्चर ५.६ असल्यामुळे ब्लर कळत नाही, पण पाठ भिंतीला कुठे टेकते ते लगेच कळतं. जोडीला जुने फोटो सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थप्रमाणे गाळून पाहिले. माणसांचे फोटो ४५-५० लाच साचलेले दिसले तर आणखी लांब लेन्सची गरज आहे असं समजावं. २५-३५ ला साचले असतील तर मात्र ५६ घेऊन ती बॅगेतच राहण्याची शक्यता जास्त.

आता ॲपर्चर. एफ-आकडे एकमेकांशी ताडण्यापेक्षा एक भागाकार करावा: फोकल लेंग्थ भागिले एफ-आकडा, म्हणजे लेन्सच्या प्रकाशद्वाराचा दिसणारा व्यास. फ्रेम सारखीच ठेवली तर लांबची पार्श्वभूमी किती विरघळते हे मुख्यतः या व्यासावर ठरतं. ५०/१.८ चा २८ मिमी, ५६/१.४ चा ४०, ८५/१.८ चा ४७. मायक्रो फोर थर्ड्सची ४५/१.८ तर २५ वरच थांबते. '१.८ आहे ना' म्हणून ४५ आणि ८५ एका पंगतीत बसवायच्या नाहीत, हे इथे आकड्यांतच दिसतं.

पण हा ब्लर फुकट मिळत नाही. एपीएस-सीवर ५६ मिमी, एफ १.४, दीड मीटर: शार्प पट्टा एकूण जेमतेम ४ सेंमी, निम्मा फोकसच्या पुढे, निम्मा मागे. दोन डोळ्यांमधलं अंतर सहा सेंमीच्या आसपास. माणसाने चेहरा ४५ अंशांत वळवला की लांबचा डोळा जवळच्या डोळ्याच्या चार-साडेचार सेंमी मागे जातो. जवळच्या डोळ्यावर फोकस असेल तर मागे उरतात दोन सेंमी, आणि दुसरा डोळा हमखास मऊ. एफ २.८ ला पट्टा पावणेआठ सेंमी, एफ ४ ला ११. तेव्हा कुठे दोन्ही डोळे आत येतात. दोन माणसं शेजारी असतील तर एफ ४ च्या खाली जाऊच नये. मग १.४ साठी पैसे का मोजायचे? अंधारासाठी, आणि दोन-अडीच मीटरवरच्या कमरेपर्यंतच्या फोटोंसाठी. तिथे पट्टा आपोआप रुंदावतो आणि मोठ्या व्यासाचा खरा फायदा मिळतो.

यादीत शेवटी दोनच उरल्या: सोनीची ई ५० मिमी एफ १.८ ओएसएस आणि सिग्माची ५६ मिमी एफ १.४ डीसी डीएन. पहिली २०२ ग्रॅमची, ४९ मिमी फिल्टर, ३९ सेंमीपर्यंत जवळ जाते आणि लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन (नावातलं ओएसएस ते हेच). दुसरी २०१८ मध्ये आलेली, २८० ग्रॅम, ५५ मिमी फिल्टर, ५० सेंमीपर्यंत जवळ, स्टॅबिलायझेशन नाही, ऑटो-मॅन्युअल फोकसचा खटकाही नाही. (जवळात जवळचं अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नाही. बॉडीवर गोलातून जाणारी आडवी रेघ असते ती सेन्सरची जागा.)

बॉडीत स्टॅबिलायझेशन नसताना ओएसएस सोडायचं म्हणजे धाडस वाटतं. इथे जरा थांबून विचार केला. ओएसएस आपला हात सांभाळतं, समोरच्याची मान नाही. बोलणाऱ्या, हसणाऱ्या माणसाला १/१६० सेकंदाचा शटर वेग तरी लागतोच, आणि त्या वेगाला ५६ मिमीवर हाताची थरथर तशीही दिसत नाही. म्हणजे पोर्ट्रेटमध्ये ओएसएस बराच वेळ बिनकामाचं बसतं. उलट १.४ आणि १.८ मधला दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) प्रत्येक फोटोत कामाला येतो: एफ १.८, १/१६० ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० लागत असेल तर एफ १.४ ला २००० पुरतो. हातात धरून व्हिडिओ काढणाऱ्याने मात्र ५० ओएसएसच घ्यावी, तिथे हिशोब पूर्ण उलटतो. मी सिग्मा निवडली.

सोनीची एफई ८५ मिमी एफ १.८ (३७१ ग्रॅम, ६७ मिमी फिल्टर) मोह पाडते. पुढे फुल फ्रेमवर जायचं असेल तर ती तिथेही चालते. पण क्रॉपवर ती १२७ होते आणि कमरेपर्यंतच्या फोटोला ३.३ मीटर मागते. बाहेर मैदानात उत्तम, घरात अडचण. 'पुढेमागे फुल फ्रेम घेईन' म्हणून आज गैरसोयीची लेन्स घेणं मला पटत नाही. विल्ट्रॉक्सच्या ऑटोफोकस ५६ आणि ८५ स्वस्तात चांगल्या पर्यायांत मोडतात. फर्मवेअर (लेन्समधलं सॉफ्टवेअर) अपडेट कसं करायचं, लेन्सलाच यूएसबी पोर्ट आहे का, हे आधी बघून ठेवावं. बॉडी बदलली की अपडेटची गरज पडते.

इतर माउंटवाल्यांसाठी थोडक्यात. कॅननची आरएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम १६० ग्रॅमची, क्रॉप बॉडीवर पोर्ट्रेटला पुरेशी. फुल फ्रेमवर आरएफ ८५ मिमी एफ २ मॅक्रो, तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे पण मॅक्रोमुळे फोकसचा प्रवास लांब, धावत्या मुलांसाठी ती नव्हे. फुजीची ५० मिमी एफ २ छोटी आणि पावसाला तोंड देणारी. मायक्रो फोर थर्ड्सवर ऑलिंपसची ४५ मिमी एफ १.८, ११६ ग्रॅम.

जुन्या मॅन्युअल लेन्सचा मार्गही तपासला. एम४२ या जुन्या स्क्रू माउंटचं माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी, ई माउंटचं १८, त्यामुळे साध्या पोकळ ॲडॅप्टरवर हेलिओस ४४-२ सारखी ५८ मिमी एफ २ आरामात बसते. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करायचं, नाहीतर कॅमेरा क्लिकच करत नाही. अडतं ते फोकसवर. उघड्या ॲपर्चरला फोकस पीकिंगचा (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) रंग पापणीवरही दिसतो आणि भुवईवरही. खात्रीसाठी प्रत्येक वेळी मोठं करून पाहावं लागतं, आणि तेवढ्यात माणूस दोन सेंमी हलतो. स्थिर बसणाऱ्या मॉडेलसाठी मजा आहे, एकुलती एक पोर्ट्रेट लेन्स म्हणून नाही.

लेन्स हातात आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत तपासणी उरकली. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन मीटरवर, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा भिंतीला समांतर आहे का हे बघायला पानाच्या मध्यावर छोटा आरसा भिंतीला चपटा टेकवला. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्ये दिसलं म्हणजे झालं. मग एफ १.४, २ आणि २.८ ला फोटो आणि चारही कोपरे १०० टक्क्यांवर. चारही सारखेच मऊ असतील तर ते डिझाइनचं, काळजी नको. एकच मऊ असेल तर कॅमेरा उलटा करून, म्हणजे १८० अंश फिरवून, पुन्हा समांतर लावून तोच फोटो घ्यायचा. मऊ कोपरा फोटोच्या त्याच टोकाला राहिला तर लेन्समधली काच सरकलेली आहे, परत करा. तो पानाच्या त्याच बाजूला राहिला तर लेन्स निर्दोष, आपलं पान किंवा ट्रायपॉड वाकडा.

दुसरी तपासणी रात्री, दिव्यांच्या माळेची. माळ चार-पाच मीटर मागे, फोकस दीड मीटरवर. कडेच्या धूसर दिव्यांचे गोल मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होणं साहजिक. एफ २ ते २.८ ला ते सुधारतात. चष्म्याची धातूची फ्रेम उन्हात ठेवली तर फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी कड दिसते, तीही २.८ पर्यंत बरीच कमी होते. वापरलेली लेन्स घेताना मात्र टॉर्च मागून मारून काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहावं. धुळीचे चार कण सोडून द्यावेत, बुरशी सोडू नये.

उरले दोन त्रास, ते लेन्सचे नसून कॅमेऱ्याचे आहेत. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १.८ साठी सुमारे १/८००० लागतो. १/४००० ला थांबणाऱ्या बॉडीवर फोटो पांढरा पडतो. तीन स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावा किंवा सावलीत जा. आणि १/१००० च्या वर गेल्यावर पार्श्वभूमीतले गोल अचानक अर्धे कापल्यासारखे दिसू लागले तर लेन्सला दोष देण्याआधी मेनू उघडा. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटर (फोटोची सुरुवात पडद्याऐवजी सेन्सरच करतो ती सोय) चालू असलं की उघड्या ॲपर्चरला वेगवान शटरवर असंच होतं. ते बंद करून पूर्ण मेकॅनिकल शटर ठेवलं की गोल पुन्हा गोल होतात.