छोट्या गाडीला मागे हिच लावून कोकणात जाताय? आधी हे वाचा (पुणे–ताम्हिणी–दाभोळ–गुहागर–गणपतीपुळे–आंबा घाट)

निकाल आधीच सांगतो. हॅचबॅकला मागे हिच (रॅक किंवा ट्रेलर अडकवायला बंपरखाली बसवतात तो लोखंडी पाइप) लावून त्यावर सायकलींचा रॅक टांगायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फेरीबोटी पकडत जायचं, हे जमत नाही. हायवेवर सरळ पुणे-कोल्हापूर करणार असाल तर एकवेळ चालेल. फेरीचा धक्का, खाडीकाठचे रस्ते आणि गावातले घरगुती स्पीडब्रेकर मधे असतील तर हिचवर एक रुपया घालू नका. दुकानदार काहीही सांगू दे.

गाडी वॅगनआर, पेट्रोल. माणसं चार, सायकली दोन, सामान भरपूर. मागची सीट भरलेली म्हणजे सायकली बाहेरच जाणार. नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. छपरावर कॅरियर, मागे हिच आणि रॅक, पुढे दोन पिवळे फॉग लॅम्प असं ठरलं. हिच कुठे धरणार असं स्पष्ट विचारलं तर म्हणे, "साहेब टेन्शनच घेऊ नका, फॉर्च्युनरला पण हेच बसवतो, डायरेक्ट चासीला." आता वॅगनआरला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसतेच. छोट्या गाड्या सगळ्या मोनोकॉक, म्हणजे पत्र्याचाच सांगाडा, आणि मागच्या बाजूला खऱ्या ताकदीच्या जागा दोनच असतात, डावी-उजवीकडच्या लांब मेंबरची (सांगाड्यातल्या जाड पट्ट्यांची) टोकं, जिथे बंपरच्या आतली लोखंडी पट्टी बोल्टने बसलेली असते. हिचचा ब्रॅकेट तिथेच धरायला हवा. आम्हाला शेडमधे थांबू दिलं नाही, इन्शुरन्सचा नियम आहे म्हणे, आणि तीन तासांनी गाडी तयार करून दिली.

भाव बोलला होता साडेबारा हजार. बिल आलं साडेएकोणीसचं. फिटिंग वेगळं, वायरिंग वेगळं, "स्पेशल बोल्ट" वेगळे. त्या स्पेशल बोल्टच्या डोक्यावर काहीही कोरलेलं नव्हतं. हाय टेन्साइल (जास्त ताण सहन करणाऱ्या) बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतोच, आकडा नाही म्हणजे तो साधा बोल्ट, गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच. हे दुकानातच तपासा. नट नायलॉकचे, म्हणजे आपोआप सैल न होणारे, आहेत का बघा, आत निळी किंवा पांढरी रिंग दिसते. आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका. जो दुकानदार खालून बघू देत नाही त्याच्याकडून निघून या, दुसरी दहा दुकानं आहेत.

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळामार्गे हरिहरेश्वर. हा दिवस मजेत गेला, रस्ता ठीक. फक्त कॅरियरच्या आडव्या दांड्या ऐंशीच्या पुढे शिट्टी मारायला लागल्या. पुढच्या दांडीला नायलॉनची दोरी स्प्रिंगसारखी तिरकी गुंडाळा, वारा एका लयीत सुटत नाही आणि आवाज बंद होतो, दहा मिनिटांचं काम आहे. ॲव्हरेज एरवी हायवेला १९-२० देणारी गाडी १५ वर आली, ते धरूनच बजेट करा.

बागमांडला ते वेश्वी ही पहिली फेरी. चढताना मागून एकदा खर्र असा आवाज आला. तिथल्या पोरांनी हात केला, "दादा, मागचं टेकतंय!" खाली वाकून बघितलं तर हिचच्या चौकोनी पाइपची खालची कड घासलेली. वॅगनआरचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा, आत चार माणसं बसली की मागचा भाग दबतो, त्यात हा पाइप बंपरच्या खाली आणि मागे आलेला, आणि त्याच्याही मागे रॅक धरून चाळीसेक किलो लोंबतायत. ते चाळीस किलो मागच्या चाकांच्या बऱ्याच मागे असतात, त्यामुळे तरफेसारखा जोर लागून गाडीचं बूड खाली आणि नाक वर जातं. रात्री समोरचे सगळे डिपर मारत होते ते याच्यामुळेच. डॅशबोर्डवर हेडलाइट वर-खाली करायचं छोटं चाक असतं, मागे वजन असलं की ते फिरवून बीम खाली घ्या. टायरमधे हवा पूर्ण लोडची भरा, ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर आकडा लिहिलेला असतो.

आता दाभोळ. यावर जास्त लिहितोय कारण हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

फेरीचा धक्का म्हणजे पाण्यात उतरत जाणारा उतार. बोट येते, तिची लोखंडी फळी त्या उतारावर टेकते. गाडी आधी उतारावरून खाली जाते आणि मग फळीवर वर चढते, म्हणजे मधे इंग्रजी व्ही सारखा खड्डा तयार होतो. पुढची चाकं आरामात चढतात. मागची चाकं फळीवर चढायला लागली की गाडीचं शेपूट मागच्या उतारावर टेकतं. भरतीला बोट वर असते तेव्हा हा कोन सौम्य असतो. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा एरवी पाण्याखाली असलेला भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं आणि कोन एकदम वाईट होतो.

आम्ही गेलो ते त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी, त्रयोदशीला. कोकणात सगळ्यांना तिथीवरून भरती काढता येते, तिथीची पाऊणपट करायची. तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा, पावणेदहाच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे चारच्या आसपास. आणि आम्ही धक्क्यावर पोचलो बरोबर चारला. त्यात पौर्णिमा-अमावस्येजवळ ओहोटी जास्तच खोल जाते. कृष्णपक्षातही पाऊणपटीचाच हिशोब, तिथी प्रतिपदेपासून परत मोजायची. सप्तमी-अष्टमीला भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, लोड गाडी असेल तर ते दिवस बघून निघा.

फेरीवाल्यांनी चांगलं मार्गदर्शन केलं, त्यांची काहीच तक्रार नाही. माणसं उतरवायला लावली, गाडी हळू घ्यायला सांगितली. तरी मागची चाकं फळीवर आली आणि हिच उतारात असा रुतला की पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली. मागे गाड्यांची लाइन, बोटीवर लोक थांबलेले. चार जणांनी बंपर उचलून धरला तेव्हा गाडी वर गेली, आणि जाताना मागून धाडकन आवाज आला. धोपाव्याला उतरून बघतो तर रॅक एका बाजूला कललेला आणि हिच हाताने हलतोय.

गुहागरला एक फॅब्रिकेशनवाले काका भेटले, गेट-ग्रिल बनवणारे. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, खाली सरकले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "अहो दादा, हे सगळं पत्र्यावर हाये, मेन मेंबरला काय धरलेलंच नाय." मीही खाली आडवा झालो. मेंबरच्या टोकाला फक्त दोन बोल्ट, तेही कंपनीचे काढून त्यांच्या जागी जास्त लांबीचे टाकलेले. बाकी चार बोल्ट चक्क स्टेपनीच्या खड्ड्याच्या पत्र्यातून आरपार, आणि त्यांच्या आत चार आण्याएवढे वॉशर. गोल भोकं ताणून लांबट झाली होती, एका भोकाच्या कडेने पत्रा बोटभर फाटला होता. आतल्या बाजूने जाड लोखंडी प्लेट टाकायला हवी होती म्हणजे जोर पसरला असता, ती नाहीच. या फिटिंगवर सायकली लटकवून आम्ही ताम्हिणी उतरलो होतो. मागून कोणी बाइकवाला येत असता आणि रॅक सुटला असता तर काय झालं असतं, हा विचार आला की अजून त्या दुकानदाराचा संताप येतो.

काकांनी रॅक आणि हिच दोन्ही काढलं, बंपरची पट्टी परत मूळ जागी बसवली, आठशे रुपये घेतले. चहा पाजला तो वेगळा.

मग सायकली छपरावर. पुढची चाकं काढून फ्रेम आडव्या दांड्यांना बांधल्या, सामान आत पायाशी. छपरावर वजनाची मर्यादा असते, बहुतेक छोट्या गाड्यांना पन्नास ते पंचाहत्तर किलोच्या मधे, आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडून आकडा बघा. लोखंडी जाळीचा मोठा कॅरियर वीस-बावीस किलो असतो, तो लावला की उरतं काय? म्हणून फक्त दोन ॲल्युमिनियमच्या दांड्या घ्या. काही गाड्यांवर वर रेल दिसतात त्या नुसत्या चिकटवलेल्या शोभेच्या असतात, त्यांना काही बांधू नका. क्लॅम्प दरवाजाच्या चौकटीला धरतात, पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून परत आवळा, मग रोज सकाळी एकदा. आणि गाडीची नवी उंची मोजून एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, कारण कोकणात गावात शिरलं की आंब्याच्या फांद्या आणि लोंबणाऱ्या वायरी बरोबर त्याच उंचीवर येतात.

गुहागर, तवसाळ-जयगड फेरी (भरती बघून गेलो, गाडी कुठे टेकलीसुद्धा नाही), गणपतीपुळे, सगळं छान झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तरीही ज्यांना हिच लावायचाच आहे त्यांच्यासाठी आणखी काही. रॅक लावला की नंबर प्लेट आणि टेललाइट झाकले जातात. नंबर प्लेट झाकली की दंड, आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) काढून रॅकवर लावू म्हणाल तर ते होत नाही, तिचं लॉक एकदाच बसतं, काढलं की तुटतं. मागचे पार्किंग सेन्सर जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत, त्यांच्यासमोर रॅक आला की रिव्हर्स टाकताक्षणी अखंड पीप सुरू, म्हणजे जिथे सेन्सर खरोखर हवा, त्या फेरीच्या धक्क्यावर, तो निकामी. डिकी उघडत नाही, पाण्याची बाटली हवी असली तरी आधी रॅक काढा. ट्रेलर ओढायची स्वप्नं असतील तर ट्रेलरला वेगळं रजिस्ट्रेशन लागतं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने त्यावर कडक निकाल दिलाय. दुकानदार वर बुलबार (बंपरच्या पुढे लावायचा लोखंडी गार्ड) पण घ्या म्हणून मागे लागला होता, "मागे हिच तर पुढे गार्ड पाहिजेच". त्यावर केंद्राने डिसेंबर २०१७ मधेच बंदी आणायला राज्यांना सांगितलंय, आणि कारण योग्य आहे, धडकेत बंपरने दबून जोर खायचा असतो तो गार्ड थेट बॉडीला देतो आणि एअरबॅगच्या वेळेत गडबड होऊ शकते. घेऊ नका.

फॉग लॅम्पचं पण तेच. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला नऊ अँपियरच्या वर करंट, तो वेगळा रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून घ्यायचा असतो. आमच्याकडे हेडलाइटची वायर सोलून, पिळून, वर काळी टेप. आंबा घाटात साखरपा सोडून वर चढताना धुकं लागलं, फॉग लावले आणि पाचच मिनिटांत प्लॅस्टिक जळल्याचा वास. बंद केले, हेडलाइट लो बीमवर ठेवून मलकापूरपर्यंत आलो. वायरिंगला रिले किट आणि कपलर मिळतात, मूळ वायर कापावी लागत नाही. वायर कापतो म्हणणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

पैसे परत मागायला फाटलेल्या पत्र्याचे फोटो घेऊन दुकानात गेलो. आधी "तुम्ही ओव्हरलोड केलं", मग "मिस्त्री नवीन होता", शेवटी रॅकचे चार हजार परत दिले, हिचचे नाही. बिल आणि फोटो नसते तर तेही मिळाले नसते, म्हणून पक्कं बिल घ्याच, त्यावर कुठे आणि किती बोल्टने बसवलं हे लिहून घ्या.

ज्यांनी आधीच असा हिच लावून घेतलाय आणि आता काढणार आहेत त्यांनी पत्र्यातली भोकं तशीच सोडू नका. सायलेन्सरचा धूर तिथून आत डिकीत येतो आणि पावसात स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठतं. फाटलेला भाग असेल तर चांगल्या डेंटरकडून आतून तुकडा लावून वेल्ड करून घ्या, बॅटरीची निगेटिव्ह काढूनच, पेट्रोलची टाकी जवळ आहे हे त्याला आधी सांगून. साधी गोल भोकं असतील तर रबर ग्रोमेट (भोकात बसणारं रबरी बूच) आणि वरून सीलंट, खालून अंडरबॉडी कोटिंग. कोकणातून खारी हवा खाऊन आलेली गाडी असेल तर हे पंधरा दिवसांच्या आत करा, आमच्या भोकांच्या कडा घरी येईपर्यंतच तांबूस झाल्या होत्या.