३११ ने भागल्यावर बाकी ३५

२१४७४८३६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. सी भाषेत कोड लिहिणाऱ्याला हा आकडा तोंडपाठ असतो, कारण साध्या बत्तीस बिटांच्या इंटिजरमध्ये याहून मोठी संख्या मावत नाही. कितीतरी वर्षं माझ्यासाठी ती नुसती एक हद्द होती. ती मूळ संख्या आहे हे फार उशिरा वाचनात आलं, आणि मग चैन पडेना. हे ठरवलं कसं असेल, तेही संगणकाशिवाय?

ठरवलं गणितज्ञ ऑयलरने, सेंट पीटर्सबर्गमध्ये, १७७२ साली. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. तिचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या सुमारे ४८००. प्रत्येकीने भागून बघायचं तर जन्म जाईल. पण ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे हिला भागणाऱ्या कुठल्याही मूळ संख्येतून १ वजा केला की उरलेल्याला ६२ ने भाग जायलाच हवा. दुसरी अट मला जास्त आवडते. अशा विभाजकाने भागलं तर २ च्या ३१ व्या घाताची बाकी १, म्हणून ३२ व्या घाताची बाकी २. पण ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग! म्हणजे त्या विभाजकाने भागून उरणारी बाकीच पाहिली तर २ हा कुणाचातरी वर्ग ठरतो, आणि हे तेव्हाच घडतं जेव्हा विभाजकाला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच उरतात. त्यातल्या मूळ तेवढ्या ठेवल्या की शंभराच्याही आत. सगळं काम एका वहीत मावतं.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन बसलो. ती नववीत आहे. ६३ बाद, २४९ ला ३ ने भाग जातो, म्हणून पहिली खरी परीक्षा ३११ ची. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. पुढच्या ४९७, ५५९, ७४५ अशा सगळ्या गळतात, थेट १३०३ पर्यंत. तिथे बाकी २२६. मग १४८९, बाकी १९९.

"बाबा, शेवटपर्यंत शून्य येणारच नाहीये ना?" तिने विचारलं.

"नाही येणार."

"मग मी करते पुढचे."

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, तिच्याहून लहान सगळ्या विभाजकांची बेरीज बरोबर तिच्याएवढी. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. काल रात्री ती सतराव्या भागाकारावर होती.